खिडक्या लावून घ्याव्यात

आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक वाक्य जितक्या वेळा लिहिलं असेल तितकं दुसरं कुठलंच लिहिलं नसेल. 'वास येतोय. खिडक्या लावून घ्याव्यात.' डोंबिवलीत कारखान्यांच्या पट्ट्याला लागून जी वस्ती आहे, तिथल्या माणसांना हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. वारा फिरला की वास येतो. कधी कुजलेल्या अंड्यांसारखा, कधी नेलपॉलिशसारखा, कधी नुसताच घशात खवखवणारा. आमचं स्वयंपाकघर नेमकं कारखान्यांच्या बाजूला, त्यात मी सोसायटीचा सेक्रेटरी. वास पहिला आमच्याकडे येतो, म्हणून मेसेज टाकायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मेसेज गेला की वरखाली सगळ्या मजल्यांवर सरकत्या खिडक्यांची घरघर ऐकू यायची. तो आवाज मला आवडायचा. आपलं कुणीतरी ऐकतं असं वाटायचं. ऑफिसात किंवा घरात तसं फारसं वाटत नाही.

स्फोटाच्या दुपारीही मी तेच लिहिलं.

त्या दिवशी मी घरून काम करत होतो. बायको कल्याणला तिच्या बँकेत गेलेली. आधी एक धप्प आवाज आला. असे आवाज आम्हाला नवे नाहीत. कुठेतरी बॉयलर असेल, कुठेतरी टँकर, असं म्हणून आपण पुढचा घास घेतो. मी स्वयंपाकघरातून बघितलं तर पत्र्याच्या शेडपलीकडे करडा धूर उभा होता आणि वास सुटला होता. मी विचार केला नाही. ओट्यावरचा मोबाइल उचलला, नेहमीचं वाक्य टाकलं, पुढे 'ताबडतोब' हा शब्दही जोडला. खिडक्या घरघरायला लागल्या. माझी स्वतःची खिडकी मात्र मी लावली नाही. सगळ्यांना सांगून झालं की मग आपली लावायची, अशी माझी पद्धत. मध्येच लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवावा म्हणून मी पॅसेजमध्ये आलो, आणि दुसरा स्फोट झाला.

तो आवाज मला आठवत नाही. छातीवर कुणीतरी मोठी उशी दाबल्यासारखं झालं एवढं आठवतं. त्यानंतर काचा. आमच्या, वरच्यांच्या, खालच्यांच्या, समोरच्या बिल्डिंगच्या. किती तरी वेळ त्या पडतच होत्या. पॅसेजच्या दोन्ही बाजूंना भिंती होत्या म्हणून मला खरचटलंसुद्धा नाही.

दार उघडलं तर समोरच्या फ्लॅटच्या दारात, तिथे एकट्या राहणाऱ्या काकू उभ्या होत्या. उजवा हात ओढणीत गुंडाळलेला, आणि ओढणीतून थेंब पडत होते.

"माझ्या गॅसवर दूध आहे," त्या म्हणाल्या. "आधी ते बंद कर."

मी आत गेलो. दूध उतू जाऊन शेगडीवर जळलं होतं. गॅस बंद करून वळलो तेव्हा हॉलमधली खिडकी दिसली. खिडकी ओढून घेतलेली होती, पण नुसतीच चौकट. काच सगळी सोफ्यावर. चौकटीच्या खाचेत, जिथे बोटं घालून आपण खिडकी ओढतो, तिथे रक्त होतं. म्हणजे त्या खिडकी लावायला उठल्या होत्या. का उठल्या होत्या, ते सांगायला मला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

काकू पासष्टीच्या पुढच्या आहेत. काका गेल्यावर त्यांनी ठाण्याला जाऊन पौरोहित्याचं शिक्षण घेतलं आणि तेव्हापासून त्या डोंबिवलीभर स्कूटरवरून पूजा सांगत फिरतात. सत्यनारायण, वास्तुशांत, मंगळागौर, आणि गणेश चतुर्थीला सकाळपासून घरोघरी प्रतिष्ठापना. सलवार-कुर्ता, पाठीला सॅक, सॅकमध्ये पोथी आणि पाण्याची बाटली. बाईने पूजा सांगायची हे काही घरांत अजून रुचत नाही. अशा घरात काकू संकल्प जरा मोठ्या आवाजात सांगतात. मुलगी-जावई बंगळुरूला आहेत, ते कायमचं या म्हणतात. काकू म्हणतात, तिथे माझ्या हातून पूजा करून घेणार कोण, तुमची ती लिफ्ट?

जवळच्या हॉस्पिटलात त्या दुपारी उभं राहायला जागा नव्हती. त्यांनी हात बांधून दिला आणि सांगितलं, हाताच्या सर्जनकडे जा, ठाण्याला, वेळ काढू नका. मी गाडी काढली. नौपाड्यातल्या त्या लहानशा हॉस्पिटलात डॉक्टरांनी पट्टी सोडून बघितलं आणि करंगळी व अनामिका वाकवायला सांगितली. काकूंनी वाकवली. निदान त्यांना तसं वाटलं. बोटं जिथल्या तिथे होती. तळव्यातले दोन स्नायुबंध तुटले होते.

ऑपरेशन चालू असताना मी खाली उतरलो आणि एका हातगाडीपाशी उभं राहून वडापाव खाल्ला. हे लिहायचं की नाही यावर मी बराच विचार केला. तो वडापाव मला इतका चविष्ट लागला की मी दुसरा घेतला. तिखट लसूण चटणी, गरम वडा, रस्त्यावर क्लासला निघालेल्या मुलींचं हसणं, रिक्षावाल्यांची भांडणं, सगळंच कुणीतरी धुऊन पुसून समोर ठेवल्यासारखं दिसत होतं. मी जिवंत होतो आणि मला त्याची मजा वाटत होती. वर टेबलावर माझ्या मेसेजमुळे उठलेल्या बाईचा हात शिवत होते. तेव्हापासून चांगलं काही वाटायला लागलं की त्याच्या मागोमाग मला तो वडापाव आठवतो.

घराला खिडक्या नव्हत्या म्हणून आम्ही ठाण्यात वर्तकनगरला मेहुण्याकडे राहायला गेलो. मला तिथे चैन पडेना. सकाळी उठून डोंबिवलीला जायचो. काचा गोळा करून घ्यायच्या, पावसाच्या आधी निळं प्लास्टिक ठोकून घ्यायचं, काचवाल्याच्या मागे लागायचं. बायको म्हणाली, "बस की रे जरा. तू बसलास म्हणून काही परत फुटणार नाहीये." पण बसलं की मी मोजून-मापून खिडकीपासून लांबची खुर्ची निवडायचो, आणि तिथेही पाय हलत राहायचे. कुकरची शिट्टी झाली तरी उठून उभा राहायचो.

या धावपळीचं सोसायटीने कौतुक केलं. खाली पार्किंगमध्ये सभा घेतली. एक जण म्हणाले, सेक्रेटरींच्या मेसेजमुळे सगळे वेळीच सावध झाले. कुणी हसलं नाही, कुणी विरोध केला नाही. मला शाल आणि नारळ द्यायचं ठरलं, आणि द्यायला वडीलधाऱ्या म्हणून काकूंना उभं केलं. त्यांच्या उजव्या हाताला प्लास्टिकचा आधार बांधलेला, दोन बोटांना रबरं लावलेली. त्यांनी डाव्या हाताने नारळ पुढे केला.

"डावा हात आहे," त्या म्हणाल्या, "चालवून घे."

सगळे हसले. मी नारळ घेतला. नको म्हणता आलं असतं, सगळं सांगता आलं असतं. मी वाकून नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसलो.

नौपाड्याला व्यायामासाठी त्यांना वरचेवर जावं लागणार होतं. मी नेईन म्हणालो. शीळ रोड, कल्याण फाटा, मुंब्रा बायपास, ट्रकच्या मागे ट्रक. काकू शेजारी बसून डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं वाकवत राहायच्या आणि त्या तालावर पुटपुटत अथर्वशीर्ष म्हणायच्या. मध्येच थांबून म्हणायच्या, तो टेम्पोवाला आंधळा आहे की काय. व्यायामाच्या खोलीत त्यांना ताटलीतून राजमा उचलून वाटीत टाकायला लावत. काकूंनी दुसऱ्याच खेपेला पिशवीतून स्वतःची पळी काढली. "मला राजमा उचलून काय करायचंय? ही धरायला शिकवा." मुठीत पळी धरली तरी ती फिरायची आणि पाणी सांडायचं. त्या परत भरायच्या. मी बाहेर बाकावर बसायचो, उठायचो, पाणी प्यायचो, परत बसायचो.

व्यायाम झाला की त्या ताज्यातवान्या व्हायच्या. नौपाड्यात वाती घ्यायच्या, बुक्का बघायचा, कुठेतरी पियूष प्यायचं. मी गाडीत इंजिन चालू ठेवून बसायचो. एकदा त्यांनी काचेवर टकटक केली. "अरे, दरोडा घालायला आलोय का आपण? बंद कर ते आणि खाली उतर." मी उतरलो. पियूष चांगलं होतं. मी अर्धं ठेवलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोटं किती वाकतील ते गणपतीपर्यंत कळेल. काकूंच्या बोलण्यात सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपायचं. गणपतीत घरं केली तर मी परत उभी राहिले, त्या म्हणायच्या. यंदा घरी बसले तर पुढच्या वर्षी कुणी बोलावणार नाही, आणि मग मुलीकडे जाऊन लिफ्टची पूजा करत बसावं लागेल.

पावसाळा सुरू झाल्यावर एकदा कल्याण फाट्याला आम्ही बराच वेळ अडकलो. वायपर चालू होते. मी स्टिअरिंगकडे बघत सगळं सांगून टाकलं. खिडक्या लावा असं मी लिहिलं, म्हणून तुम्ही उठलात. मी लिहिलं नसतं तर तुम्ही दुधापाशी असता.

त्यांनी बोटं वाकवायची थांबवली. मग म्हणाल्या, "वाचला होता तुझा मेसेज. म्हणूनच उठले."

मला वाटत होतं, त्या नाही म्हणतील. निदान मी तसंही उठलेच असते, एवढं तरी म्हणतील.

"मग आता काय, प्रायश्चित्त हवंय का?" त्या म्हणाल्या. "आहे माझ्याकडे. होम, गोदान, ब्राह्मणभोजन. दक्षिणा मात्र पूर्ण घेईन."

मी हसलो, आणि हसता हसता डोळे भरून आले. पुढचा ट्रक हलला. काकूंनी बोट दाखवलं, चल.

त्या दिवशी घरी येताना मला फार हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणातच मी पुढची चूक केली. काचा बसल्यामुळे आम्ही घरी परतलो होतो. कारखाने पुन्हा सुरू झाले होते, एकदोनदा वासही आला होता. मोबाइल हातात घेऊन मी नुसता उभा राहिलो, मेसेज दुसऱ्याच कुणीतरी टाकला. आता त्या ग्रुपवर मला काहीतरी चांगलं लिहायचं होतं. मी लिहिलं, 'काकूंच्या हाताचे उपचार चालू आहेत. यंदा गणपतीत त्यांना त्रास देऊ नये, विश्रांती घेऊ द्यावी, ही सर्वांना विनंती.' खाली हात जोडल्याच्या कितीतरी खुणा आल्या. कुणीतरी तो मेसेज शेजारच्या सोसायट्यांत पाठवला. मला बरं वाटलं. काकू ग्रुप फारसा बघायच्या नाहीत. मोबाइल डाव्या हाताने चालवायचा त्यांना कंटाळा यायचा. त्यांना विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

काही दिवसांनी त्यांनी आमची बेल वाजवली. आत आल्या नाहीत.

"दर वर्षीची घरं एकेक करून नाही म्हणतायत," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचा आवाज एकदम गोड. काकू, तुम्ही आराम करा. मी म्हटलं, यांना एकदम माझी एवढी दया कुठून आली?"

मेसेज मीच टाकला होता, मी म्हटलं.

"तो पहिला मेसेज टाकलास तेव्हा तुला काय माहीत होतं? कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं मला काही नाही. पण हा टाकताना मी समोरच्या दारात होते. एक बेल वाजवायची होती."

"काकू, मला वाटलं तुम्हाला—"

"तुला काय वाटलं ते ठाऊक आहे मला. तुला माझा हात बरा करायचा नाहीये, तुला तुझं मन बरं करायचंय. ते तू कर. माझ्या हातावर नको करूस." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "उद्यापासून मी बसने जाईन. ठाण्यात खोपटला उतरले की रिक्षा मिळते."

दार लागल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. मी मोबाइल घेऊन नवीन मेसेज लिहायला बसलो. 'पूर्वीचा मेसेज रद्द समजावा' इथपर्यंत लिहून झालं, आणि तिने मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला. "पाय आहेत ना तुला? इतके दिवस उगाच हलवतोयस. आता वापर."

मी बाहेर पडलो. आमच्या बिल्डिंगपासून सुरुवात केली, मग शेजारच्या दोन सोसायट्या, मग रस्त्यापलीकडची. दार उघडलं की सांगायचं: काकू यंदा घरं करणार आहेत, त्या मेसेजमागे त्यांची इच्छा नव्हती, तो माझा अगोचरपणा होता. पाऊस, ओल्या छत्र्या, दारात चपला, आतून टीव्हीचा आवाज. काहींनी आधीच दुसरे गुरुजी सांगून ठेवले होते. काही म्हणाले, बरं झालं सांगितलंत. एका घरी मला ओळखलंच नाही, त्यांना वाटलं मी वर्गणी मागायला आलोय.

आमच्याच तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा स्पष्ट बोलले. "गुरुजी ठरलेत आमचे. आणि खरं सांगू का, हाताला व्यंग आलं की पूजा सांगू नये, असं आमच्याकडे मानतात."

मला राग आला, पण रागावण्याचा अधिकार आपला नाही असंही वाटलं. मी म्हटलं, "आजोबा, ते व्यंग माझ्यामुळे आलंय. मी खिडक्या लावा लिहिलं, म्हणून त्या उठल्या."

आजोबा दाराची कडी धरून उभे होते.

"मीही उठलो होतो," ते म्हणाले. "गुडघे धरलेत माझे. खिडकीपर्यंत पोचलो नाही."

मग त्यांनी विचारलं, चहा घेणार का. मी नको म्हटलं. मला आणखी दोन मजले करायचे होते.

काकू बसने जात राहिल्या. जिन्यात भेटल्या तर मी विचारायचो, हात कसा आहे. त्या म्हणायच्या, आहे मनगटाच्या पुढे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः बेल वाजवली आणि स्कूटरची किल्ली माझ्यासमोर धरली. डॉक्टरांनी अजून चालवू नका सांगितलं होतं. पाच घरं परत आली होती. "सकाळी आंघोळ करून तयार राहा," त्या म्हणाल्या. "आणि गाडी नको, स्कूटरच. गल्ल्यांत गाडी घालून मिरवणूक नाही काढायची मला."

आमच्या घरचा गणपती त्यांनी सगळ्यात आधी केला. दोन बोटं जेमतेम अर्धी वाकत होती. पळी त्यांनी अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात धरली होती, पेन धरावं तशी. पाणी सांडलं, पण ताम्हनातच. मला गंध लावताना म्हणाल्या, "गंधाला अनामिका सरळच लागते. बघ, कशी तयार करून ठेवलीय."

मग घरामागून घर. मी यजमानांच्या दाराबाहेर चपलांशेजारी उभा राहायचो आणि आतून त्यांचा आवाज ऐकायचो. पहिल्या घरी तो जरा कापरा होता. दुसऱ्या घरी एक बाई त्यांच्या हाताकडे टक लावून बघत होती. काकूंनी संकल्प मोठ्याने सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या घरी नैवेद्याच्या वरणाला हिंगाची फोडणी बसली आणि तो वास जिन्यात आला. वास म्हटलं की माझा हात खिशातल्या मोबाइलकडे जातो. गेलाही. मग मी तो तसाच ठेवला आणि श्वास आत घेतला. भूक लागली होती. या वेळी वडापाव आठवला तरी फोडणीचा वास बिघडला नाही.

पाचवं घर संपवून आम्ही आमच्या गेटशी आलो तेव्हा ऊन पडलं होतं. काकू मागून उतरल्या. घामाने कुर्ता पाठीला चिकटलेला, सॅकमधून केळ्यांचा घड डोकावत होता. त्यांनी हाताची बोटं उघडली, मिटली, परत उघडली. दुखत असणार. चेहरा मात्र परीक्षेचा पेपर बरा गेल्यासारखा.

माझा मोबाइल वाजला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा मेसेज होता, ग्रुपवर नव्हता, एकट्या मला. गुरुजी अजून आलेले नाहीत, फोन उचलत नाहीत, मूर्ती तशीच झाकून ठेवली आहे. काकू मोकळ्या आहेत का, त्यांना जमेल का, जरा कळवावे.

माझी बोटं उत्तर लिहायला गेली होती. काकू दमल्या होत्या. आजोबांनी दारात काय म्हटलं होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. निदान मी सांगितलं नव्हतं. हो लिहावं असंही वाटलं, नाही लिहावं असंही वाटलं.

"काकू," मी म्हटलं, "तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा तुम्हाला विचारतायत." आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. मग, त्यांना अर्धंच माहीत असू नये म्हणून, व्यंगाबद्दल ते काय म्हणाले होते तेही सांगितलं.

त्यांनी मोबाइल घेतला. लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला. मग गेटच्या कट्ट्यावर बसून डाव्या अंगठ्याने एकेक अक्षर शोधत लिहायला लागल्या. बराच वेळ लागत होता. मी स्कूटर स्टँडला लावली, पाठ करून उभा राहिलो, आणि त्या काय लिहितायत ते बघितलं नाही.

"काय कळवलंत?" त्यांनी मोबाइल परत दिल्यावर मी विचारलं.

"विचारलंय," काकू सॅक खांद्याला लावत म्हणाल्या, "पाट मांडलाय का नीट."